सॅकवरून जाणारा हलका पाँचो घरी शिवायचा तर

प्रश्न थोडक्यात असा: पाठीवर मोठी सॅक घेऊन सलग काही दिवस चालायचं आहे, रेनकोटात घामानेच भिजायला होतं, म्हणून अंगावरून आणि सॅकवरूनही जाईल असा हलका पाँचो, म्हणजे डोकं घालायला भोक आणि टोपी असलेलं, बिनबाह्यांचं पावसाळी पांघरूण, स्वतः शिवायचा आहे. घरी साधं शिलाई मशीन आहे, उशांचे अभ्रे आणि पडदे शिवून हात बसलेला आहे. कापड कोणतं घ्यावं, आणि तोच पाँचो रात्री छत म्हणून बांधता येईल का?

कापडाकडे येतेच. पण पहिल्यांदा शिवणाऱ्यांचा सगळा जीव कापडात अडकलेला असतो आणि पाँचो फसतो तो मापात. मी पावसाळी कपडे शिवते आणि दुसऱ्यांनी शिवलेले दुरुस्तही करते. ‘गळतोय’ म्हणून जे पाँचो माझ्याकडे येतात त्यांत कापड बहुतेक वेळा ठणठणीत असतं. पाणी शिरलेलं असतं हनुवटीखालून, बाजूच्या उघड्या भागातून, नाहीतर टोपीच्या शिवणीतून. म्हणजे खरा प्रश्न असा आहे की सॅक पाठीवर असताना कापड नेमकं कुठे येऊन पडतं, आणि त्याला जी तोंडं ठेवावीच लागतात ती कशी आवरायची.

आता पाँचो तुमच्या कामाचा आहे का, हे वाट कशी आहे त्यावर ठरतं. झाडीतली वाट असेल, पाऊस सरळ पडत असेल तर पाँचोइतकं सुख कशात नाही. बाजूंनी हवा खेळती राहते आणि सॅकचे पट्टेसुद्धा कोरडे राहतात. उघड्या डोंगरधारेवरून सोसाट्याच्या वाऱ्यात चालायचं असेल तर तोच पाँचो फडफडून जीव नकोसा करतो. काटेरी झुडपांतून सतत घुसायचं असेल तर फाटतो. आणि जिथे हाताने धरून खडकावरून उतरायचं असतं तिथे पुढचा पडदा पायांखालची जागा झाकतो, हे तर धोक्याचंच. तुमच्या बेतात अशाच वाटा जास्त असतील तर रेनकोट आणि सॅकचं कव्हर हीच जोडी बरी. बाकीच्यांनी पुढे वाचावं.

मापं सॅक भरून आणि पाठीवर चढवूनच घ्यायची, दुसऱ्या कुणाची तरी मदत घेऊन. मान खांद्याला जिथे मिळते तो बिंदू धरा. तिथून पुढे गुडघ्याच्या जरा खालपर्यंत एक माप. त्याच बिंदूवरून मागे, सॅकच्या डोक्यावरून टेप नेऊन गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत दुसरं माप. मधल्या उंचीच्या माणसाला, मधल्या आकाराच्या सॅकला पुढचं माप 115 सेंमीच्या आसपास आणि मागचं 150 सेंमीच्या आसपास येतं, पण माझे आकडे उतरवून घेऊ नका. सॅकचं वरचं टोपण तुमच्या डोक्याच्या वर जात असेल तर मागचं माप सहज आणखी 10 सेंमी वाढतं. गळा कापडाच्या मध्यावर कापलेला पाँचो पुढे पायात घोटाळतो आणि मागे सॅकच्या तळापर्यंतसुद्धा पोचत नाही, त्याचं कारण हा फरकच.

रुंदीचा हिशेब सोपा आहे. असली कापडं साधारण 150 सेंमी पन्ह्याची असतात. दोन्ही किनारी दीडेक सेंमी कापून टाका, कारण तिथे सुयांची भोकं असतात आणि पाणी अडवणारा लेप नीट पोचलेला नसतो. दुमड धरून हातात 142 सेंमीच्या आसपास रुंदी उरते, म्हणजे मध्यापासून दोन्ही बाजूंना 71 सेंमी. ती मनगटाच्या आसपास संपते. पुरेशी आहे. जास्त रुंदीसाठी जोड देऊ नका. खांद्यावर एकही शिवण नसणं हा या बेताचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

मग जुनी चादर घ्या आणि तिच्यावर एवढ्या रुंदीचा, पुढचं आणि मागचं माप मिळून होईल तेवढ्या लांबीचा आयत बेता. गळ्याचं भोक लहान कापा, सॅक घालून अंगावर चढवा आणि चाला. जिना उतरून बघा, खाली वाकून बुटाची नाडी बांधून बघा. या चादरीवर एक संध्याकाळ गेली तरी ती वाया गेली असं समजू नका. लेप दिलेल्या कापडावर उसवलेल्या टिपेची भोकं बुजत नाहीत, तिथे पुन्हा संधी मिळत नाही.

गळा. माझा आकार लंबगोल असतो: रुंदी 18 सेंमी, पुढून मागे लांबी 22 सेंमी. त्याचा घेर 63 सेंमी भरतो. डोक्याचा घेर 58 असेल तर पुढे चीर न देताही डोकं आत जातं. तुमचं डोकं मोठं असेल किंवा केस वर बांधत असाल तर स्वतःच्या घेरात चार-पाच सेंमी मिळवा. खांद्याच्या रेषेच्या मागे 7 सेंमी आणि पुढे 15 सेंमी असा तो लंबगोल ठेवते, कारण सॅकवर पडलेलं कापड सगळा पाँचो मागे ओढतं आणि गळा मध्यावर असला तर पुढून गळफास बसतो.

इथे एक गणित लोकांना चकवतं. हे 63 सेंमी म्हणजे शिवण जिथे बसेल त्या रेषेचा घेर आहे, कात्री जिथे चालेल तिथला नाही. शिवणीला 1 सेंमी मार्जिन सोडायचं तर भोक सगळ्या बाजूंनी 1 सेंमी आत, म्हणजे 16 गुणिले 20 सेंमीचं कापायचं. गोलाईवर 1 सेंमीचा फरक घेरात 6 सेंमीहून जास्त पडतो. थेट 18 गुणिले 22 कापलंत तर शिवण झाल्यावर गळा 69 सेंमीचा होईल, आणि तेवढं तोंड कुठलीही टोपी बंद करू शकत नाही. कापण्याआधी शिवणीच्या रेषेच्या किंचित आतून, मार्जिनमधूनच, एक टीप फिरवून घ्या. लंबगोलाच्या काही भागात कापड तिरकं येतं आणि हाताळताना ताणलं जातं. ही टीप त्याला धरून ठेवते.

टोपी तीन तुकड्यांची करा: दोन बाजू आणि मधे कपाळापासून मानेपर्यंत जाणारी पट्टी. दोन तुकड्यांची टोपी शिवायला सोपी, पण तिची शिवण डोक्याच्या बरोबर मध्यावर येते, आणि पाऊस पहिल्यांदा तिथेच पडतो. मधली पट्टी तयार झाल्यावर 14 सेंमी रुंद हवी. टोपीच्या पुढच्या कडा हनुवटीखाली एकमेकींवर 4 सेंमी चढवा. म्हणजे टोपीचा खालचा घेर 63 अधिक 4, एकूण 67 सेंमी. त्यातून पट्टीचे 14 वजा केले की उरलेल्या 53 चे दोन भाग, प्रत्येक बाजू 26.5 सेंमी. कापताना पट्टीच्या अंगाला 1 सेंमी मार्जिन आणि चेहऱ्याच्या अंगाला नाडीच्या नेफ्यासाठी अडीच सेंमी धरले की बाजूचा तुकडा खाली 30 सेंमी रुंद. पट्टी 16 सेंमी रुंद कापायची. लांबी मात्र बाजूच्या तुकड्याच्या गोलाईवरून मोजायची आणि तीही शिवणीच्या रेषेवर टेप उभा धरून. कापलेल्या कडेवर मोजलीत तर पट्टी लांब पडते आणि मानेपाशी चुण्या येतात.

चेहऱ्याभोवती नाडी हवीच. डोक्याच्या मागेसुद्धा एक बारीक इलॅस्टिक घाला. नाहीतर मान वळवली की टोपी जागच्या जागी राहते आणि आपण टोपीच्या आतल्या बाजूकडे बघत बसतो. पुढे कडक झडप बसवण्याच्या भानगडीत मी पडत नाही. आत साधी पुढे छज्जा असलेली कॅप घातली की काम भागतं.

आता कापड. रिपस्टॉप विणीत ठराविक अंतरावर जाड धागे असतात, म्हणून लहानसं भोक पडलं तरी ते फाटत पुढे जात नाही. धाग्याची जाडी डेनिअरमध्ये सांगतात: 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 20 ते 30 डेनिअर आपल्या कामाला ठीक. धागा नायलॉनचा की पॉलिएस्टरचा, आणि लेप सिलिकॉनचा की पॉलियुरेथेनचा, एवढीच निवड उरते. नायलॉन फाटायला चिवट, पण पाणी शोषून ओलं झालं की सैलावतं. पॉलिएस्टर जवळपास सैलावत नाही आणि उन्हातही जास्त टिकतं. सिलिकॉनचा लेप दोन्ही बाजूंनी मुरलेला असतो, त्याने कापडाची फाटण्याची ताकद वाढते, मात्र त्यावर सिलिकॉनशिवाय दुसरं काही चिकटत नाही. पॉलियुरेथेनवर शिवणीची टेप चिकटते, कापड कमी निसटतं, पण वर्षानुवर्षं दमट जागी राहिलं तर लेप चिकट होऊन सुटायला लागतो. पहिल्या पाँचोला मी दोन्ही बाजूंनी सिलिकॉन असलेलं 20 डेनिअरचं पॉलिएस्टर सुचवेन. निसरडं आहे, पण अभ्रे शिवणाऱ्या हाताला जमेल.

जलरोधकतेचा आकडा, म्हणजे कापडावर पाण्याचा किती मिलिमीटर उंच स्तंभ उभा केला की ते झिरपू लागतं, यावर फार काथ्याकूट होतो. रेनकोटाला मोठा आकडा लागतो कारण सॅकचे पट्टे खांद्यावर कापड दाबतात आणि घासतात. पाँचोत पट्टे कापडाच्या आत असतात. वरून फक्त पाऊस पडतो, म्हणून 1500 मिमीचं कापड मला आरामात चालतं. तेच अंथरून ओल्या जमिनीवर बसणार असाल तर गोष्ट वेगळी. बसल्यावर पडणारा दाब पावसाच्या थेंबापेक्षा कितीतरी जास्त असतो.

वजनाचा अंदाज घेण्यापुरतं सांगते: टोपी आणि दुमडी धरून साधारण 4.2 चौरस मीटर कापड लागतं. दर चौरस मीटरला 45 ग्रॅमचं कापड असेल तर 190 ग्रॅम, त्यावर दोरा, नाडी, बटणं आणि शिवणीचं सिलिकॉन मिळून 220 च्या आत बसतं. तेच 70 ग्रॅमचं कापड घेतलंत तर 300 च्या वर जातं. कापड साडेतीन मीटर घ्या, म्हणजे मशीनवर आजमावायला तुकडे उरतील.

ते तुकडे वापराच. सुई नवी आणि अणकुचीदार, 70 नाहीतर 80 नंबरची. दोरा पॉलिएस्टरचा, सुती दोरा पाणी ओढून घेतो आणि कुजतो. टाका 3 मिमीच्या आसपास. त्याहून बारीक टाक्याने कापडावर भोकांची रांग होते आणि ते तिथूनच फाटतं. टीप सुरू करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं बोटांनी मागे धरून ठेवा, नाहीतर मशीन कापडाचा कोपरा खाली गिळतं. कापड पुढून आणि मागून दोन्ही हातांनी हलकं ताणून धरायचं, ओढायचं नाही. तरीही सरकत असेल तर खाली पातळ कागद घालून शिवा आणि नंतर फाडून काढा. टाचण्या टाळा, चिमटे वापरा. टाचणी लावायचीच झाली तर मार्जिनमध्येच. इस्त्री बाजूला ठेवा, दुमड नखाने दाबून बसते. आणि बेतताना टेबलावर सुती चादर अंथरा, म्हणजे कापड घसरून खाली जात नाही.

टोपीच्या शिवणी चपट्या करायच्या. पहिली टीप मारल्यावर आतलं एक मार्जिन 4 मिमीपर्यंत छाटा, दुसरं त्याच्यावरून दुमडून आणा आणि कडेला टीप मारा. दुमड बाहेरच्या अंगाला घेतली तर तिचं तोंड खालच्या दिशेला हवं, छपरावरच्या कौलांसारखं. उलट झालं तर तिथे पन्हळ तयार होते आणि पाणी साचून आत झिरपतं. गळ्याला टोपी जोडताना मार्जिनला दर दीड-दोन सेंमीवर छोटे कट द्या, पण आधी मारलेल्या टिपेपर्यंत जाऊ नका. मार्जिन खाली, अंगाच्या बाजूला पाडून वरून दुसरी टीप. पुढे जिथे टोपीच्या कडा एकमेकींवर येतात तिथे कापडाचे बरेच थर जमतात. तेवढे टाके मशीनचं चाक हाताने फिरवून घ्या.

खालच्या आणि बाजूंच्या कडा 1 आणि दीड सेंमी अशा दोनदा दुमडून शिवा. बाजूंना प्लास्टिकची टिचबटणं, प्रत्येक बाजूला दोन पुरतात: एक कोपराच्या खाली, दुसरं गुडघ्याच्या वर. ती फक्त दुमडीवर लावू नका, मागे नाडीच्या फितीचा तुकडा ठेवा, नाहीतर बटण कापड घेऊनच उखडतं. चेन लावू नका. टिचबटण फांदीत अडकलं की आपसूक सुटतं, चेन सुटत नाही आणि कापड फाटतं.

वाऱ्यासाठी सगळ्यात उपयोगी गोष्ट म्हणजे मागच्या भागाच्या कडांना आतून, कमरेच्या उंचीवर, प्रत्येकी एक नाडी. त्या पुढे आणून पोटावर बांधल्या की मागचा पडदा सॅकला लपेटून बसतो आणि उडून डोक्यावर येत नाही. पुढचा पडदा त्या नाड्यांवरून मोकळा सोडायचा, म्हणजे हवा खेळते. उतरणीवर पाय दिसायला हवे असतील तेव्हा तोच पडदा वर घेऊन नाडीत खोचायचा. सॅक उतरवून नुसता पाँचो घातला की मागचा जास्तीचा भाग कमरेवर नाडीने बांधून वरून फुगवून ठेवता येतो. त्यासाठी वेगळी बटणं लावून पाठीला भोकं पाडायची गरज नाही.

सिलिकॉनच्या कापडाला शिवणी बंद करायचं द्रव्यही सिलिकॉनचंच लागतं. नळीतलं पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये ढवळून रंगाइतकं पातळ करा आणि बारीक ब्रशने बाहेरच्या बाजूने टाक्यांत मुरवा. जाड थर नको. जाड थर सालपटासारखा निघतो. हे काम उघड्या हवेत करा, जवळ आगीचा संबंध नको. पूर्ण दिवस वाळू द्या, मग शिवणींवर टाल्कम पावडर हलकी चोळून झटका, म्हणजे घडी घातल्यावर कापड कापडाला चिकटत नाही. गळ्याच्या शिवणीला दोन हात द्या. टिचबटणांच्या मुळाशीही एक-एक थेंब.

राहिला छताचा प्रश्न. होतं, आणि पुष्कळ लोक करतात. 142 गुणिले 265 सेंमीच्या आयताखाली एका माणसाला आडोसा मिळतो, पण तो तोकडा असतो. तिरक्या पावसात पाय किंवा डोकं भिजतंच. कोपरे गोल न करता काटकोनात ठेवायचे, चारही कोपऱ्यांना आणि लांब बाजूंच्या मध्यावर दुहेरी कापडाचे ठिगळ देऊन फितीच्या कड्या शिवायच्या, टोपीची नाडी आवळून ती पिरगाळून बांधायची. यात ताण धरणारं कापड लागतं, म्हणून पॉलिएस्टरचं पारडं इथे आणखी जड होतं. माझी हरकत वेगळ्याच गोष्टीला आहे: भर पावसात मुक्कामाला पोचल्यावर छत बांधायचं तर अंगावरचा पाँचो काढावा लागतो, आणि रात्री बाहेर जायचं झालं तर डोक्यावरचं छत उतरवावं लागतं. सोबत पातळ वाऱ्याचं जॅकेट असेल, हवामानाचा भरवसा असेल तर ठीक. पहिल्या पाँचोत मात्र नुसत्या कोपऱ्यांच्या कड्या लावून ठेवा आणि छत वेगळं न्या.

निघण्याआधी घरीच परीक्षा घ्या. फिक्या रंगाचा सुती शर्ट घाला, भरलेली सॅक चढवा, वरून पाँचो, आणि शॉवरखाली दहा-पंधरा मिनिटं उभं राहा, मान वळवत, हात वर-खाली करत. शर्टावर ओले डाग कुठे पडलेत ते बघा. खांद्यावर गळ्याजवळ डाग असेल तर शिवण पुन्हा बंद करा. छातीवर उभा ओघळ असेल तर हनुवटीपाशी कडांची चढण कमी पडली आहे, तिथे एक टिचबटण लावा. पाठीवर सगळीकडे हलका दमटपणा असेल तर तो घाम आहे, त्याला सीलंट लावून काही होणार नाही. बाजूचं वरचं बटण उघडं ठेवून चाला.